दिवा आपोआप लागतो तेव्हा : गैबवरील ईमान आणि घरातील यंत्रे




नागपूरची इतवारी ही जुनी व्यापारी वस्ती. इतवारच्या बाजारावरून तिला हे नाव मिळाले. खाली सराफा, धान्य व किराण्याची दुकाने आणि गोदामे, वर माणसांची घरे, आणि एका घराची भिंत दुसऱ्या घराला टेकलेली, अशी तिची रचना आहे. अशा जुन्या घरांतही गेल्या काही वर्षांत नवी यंत्रे आली आहेत. आवाज ऐकून उत्तर देणारा स्पीकर, मोबाईलवरून लागणारा दिवा, जिन्यात पाऊल पडताच उजळणारा सेन्सरचा बल्ब, दारावरचा कॅमेरा. या सोयींबरोबर एक जुनी भीतीही नव्या वेषात घरात शिरली आहे. मध्यरात्री कोणी न सांगता दिवा लागतो. रिकाम्या खोलीत स्पीकर बोलू लागतो. कॅमेऱ्याच्या चित्रात पांढरा गोळा तरंगत जातो. मग घरातील वडीलधारी मंडळी हळू आवाजात विचारतात, ‘घरात काही आहे का? आपल्याला दिसत नाही ते यंत्राला दिसते का?’ भुते शोधून देण्याचा दावा करणारी अॅप्सही मोबाईलवर मिळतात आणि मुले ती हौसेने चालवून पाहतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात आपला अकीदा गुंतलेला आहे, घरातील एखाद्या दुर्बल व्यक्तीची अब्रू गुंतलेली आहे आणि कधी कधी तर माणसाचा जीवही गुंतलेला असतो. म्हणून कुरआन व हदीसच्या प्रकाशात त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

जिन्नांचे अस्तित्व आणि मृतांचे आत्मे

जिन्न आहेत, यावर मुस्लिमाचे ईमान आहे. कुरआनात त्यांच्या नावाची स्वतंत्र सूरह आहे. सूरह अर-रहमानमध्ये सांगितले आहे की माणसाला मातीपासून व जिन्नांना आगीपासून निर्माण केले गेले. त्यांच्यात सदाचारी आहेत व दुराचारीही आहेत, आणि त्यांनाही आपल्याप्रमाणेच हिशेब द्यायचा आहे. जे विज्ञानाच्या नावाखाली जिन्नांचे अस्तित्वच नाकारतात, त्यांच्याशी आपण सहमत होऊ शकत नाही.

परंतु आपल्या समाजात जिन्न आणि भूत यांची सरमिसळ झाली आहे. मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा घरात फिरतो, दिवे लावतो, दारे वाजवतो, ही कल्पना इस्लामची नाही. सूरह अल-मोमिनूनमध्ये मृत्यूनंतर परत पाठविण्याची याचना करणाऱ्याला नकार मिळतो व त्याच्यापुढे पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत बरज़ख म्हणजे आडपडदा असल्याचे सांगितले आहे. इस्लामपूर्व अरबांचीही अशीच समजूत होती. ज्याच्या खुनाचा सूड घेतला गेला नाही, त्याचा आत्मा पक्षी होऊन ओरडत फिरतो, असे ते मानीत. त्याला ते ‘हामा’ म्हणत. वाळवंटात वाटसरूला चकविणाऱ्या ‘गूल’ची भीतीही त्यांना होती. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोन्ही समजुती रद्द ठरविल्या. तेव्हा ज्या घरात एखाद्याचा अपघाती मृत्यू झाला, त्या घरातील दिवा लुकलुकला म्हणून ‘तो परत आला’ असे म्हणणे हे मृतावरही अन्याय करणारे आहे. त्याला आपल्या दुआची गरज आहे, आपल्या भीतीची नव्हे.

सुलैमान (अ.) यांची काठी

आता मुख्य प्रश्न. यंत्राला जिन्नांची चाहूल लागू शकते काय?

काही लोक मोठ्या चतुराईने युक्तिवाद करतात. ते म्हणतात, ‘जिन्न आगीपासून बनले आहेत आणि हा सेन्सर उष्णता टिपतो, मग तो जिन्नांना का ओळखणार नाही?’ या म्हणण्यात मूळ द्रव्य आणि वर्तमान स्वरूप यांची गल्लत आहे. माणूस मातीपासून निर्माण झाला, म्हणून कोणी त्याला मातीचे ढेकूळ समजत नाही. सूरह अल-आराफमध्ये स्पष्ट इशारा आहे की शैतान व त्याचे साथी आपल्याला अशा ठिकाणाहून पाहतात जिथून आपण त्यांना पाहू शकत नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान अल्लाहने आपल्या आवाक्याबाहेर ठेवले, तिचा पत्ता काही रुपयांच्या सेन्सरने लावावा, हे म्हणणे धाडसाचे आहे.

याविषयी सूरह सबामधील प्रसंग मनन करण्याजोगा आहे. अल्लाहने जिन्नांना सुलैमान (अ.) यांच्या सेवेस लावले होते. सुलैमान (अ.) काठीला टेकलेले असताना त्यांना मृत्यू आला. जिन्न मात्र ते जिवंत आहेत असे समजून कष्ट उपसत राहिले. एका क्षुद्र किड्याने ती काठी आतून पोखरली, काठी मोडली, देह खाली कोसळला, तेव्हा कुठे जिन्नांना कळले. त्यांना गैबचे ज्ञान असते तर ते त्या अपमानास्पद कष्टात राहिले नसते, असे कुरआन सांगतो.

बंधूंनो, यातील दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली ही की ज्या जिन्नांना आपण सर्वज्ञ समजून घाबरतो, त्यांना आपल्या डोळ्यांसमोरचा मृत्यू कळला नाही. दुसरी ही की जे घडले ते उलगडले एका किड्याने, पोखरलेल्या लाकडाने, म्हणजे साध्या, दिसणाऱ्या कारणाने. गैबच्या किल्ल्या केवळ अल्लाहपाशी आहेत. त्या जिन्नाकडे नाहीत, आमिलाकडे नाहीत आणि यंत्राकडेही नाहीत.

यंत्रे अशी का वागतात?

मग मध्यरात्री दिवा का लागतो? अनेक स्मार्ट बल्बांची मूळ मांडणी अशी असते की वीज जाऊन परत आली की ते आपोआप पेटतात. रात्री दोन वाजता वीज क्षणभर गेली व आली. आपण झोपेत होतो, बल्ब मात्र पेटून बसला. साधा एलईडी दिवा बंद असतानाही लुकलुकतो, कारण स्विचमधील छोट्या लाल दिव्यावाटे किंवा जुन्या वायरिंगमधून अत्यल्प वीज झिरपत राहते. जिन्यातील सेन्सर उष्णतेतील बदल टिपतो. मांजर गेले, पाल नेमकी त्याच्या काचेवर येऊन बसली, गरम वाऱ्याचा झोत आला, तरी तो पेटतो. कॅमेऱ्यातील तरंगता गोळा बहुतेक वेळा काचेजवळून उडणारा कीटक, धुळीचा कण किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा असतो. रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश त्यावर पडून तो चकाकतो. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत शेजाऱ्याच्या बिनतारी घंटीची लहर आपल्या घंटीशी जुळली, तर त्यांच्या पाहुण्यासाठी आपली घंटी वाजते. भूत शोधणाऱ्या काही अॅप्सचा आधार असतो तो मोबाईलमधील चुंबकीय सेन्सर. तो होकायंत्रासाठी बसविलेला आहे. लोखंडी कपाट, भिंतीतील सळई वा विजेची तार जवळ आली की काटा हलतोच.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेतील अनेक घरांतून तक्रार आली की अॅमेझॉनचा अलेक्सा स्पीकर कोणी काही न बोलता मोठ्याने हसतो. लोक हादरले. कंपनीने शोध घेऊन सांगितले की इतर बोलण्यातून यंत्र चुकून ‘हस’ असा आदेश ऐकत होते. आदेशाचे शब्द बदलण्यात आले. ज्या हास्याने लोकांची झोप उडाली, त्याचे मूळ ऐकण्यातील एक चूक होती.

वात ओढणारा उंदीर

कोणी म्हणेल, धर्माच्या मासिकात पाल, उंदीर आणि वायरिंगची चर्चा कशाला? याचे उत्तर आदरणीय प्रेषित (स.) यांच्या शिकवणीतच आहे. हजरत जाबिर (र.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसमध्ये रात्रीचे शिष्टाचार सांगितले आहेत. तिचा आशय असा की अंधार पडताना मुलांना घरात घ्यावे, कारण त्या वेळी शैतान पसरतात; अल्लाहचे नाव घेऊन दार लावावे, कारण शैतान बंद दार उघडत नाही; भांडी झाकावीत; आणि झोपताना दिवे विझवावेत. दिवे का विझवावेत? तर उंदीर वात ओढून नेतो आणि घर माणसांसह पेटते.

किती सुंदर शिकवण आहे ही! एकाच उपदेशात शैतानही आहे आणि उंदीरही. अदृश्य शत्रूपासून अल्लाहचे नाव आणि दृश्य धोक्यापासून विझवलेला दिवा. प्रेषितांनी (स.) आगीचे खापर जिन्नांवर फोडले नाही आणि उंदराकडे पाहताना अल्लाहचे स्मरणही सोडले नाही. इतवारीत धान्याच्या गोदामांवर राहणाऱ्या कुटुंबाला उंदरांची ओळख करून द्यावी लागत नाही. आज उंदीर वात ओढत नाही, वायर कुरतडतो. दिवा लुकलुकू लागला की अल्लाहचे स्मरण करावे आणि सकाळी वायरमनला बोलवावे. ही दोन्ही कामे सुन्नतच्या मार्गावरचीच आहेत. पहिले करून दुसरे टाळणारा घर जाळून घेईल.

सूर्यग्रहणाचा प्रसंगही आठवावा. प्रेषितांचे (स.) लाडके पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. एखाद्या ढोंग्याने ही संधी सोडली नसती. परंतु प्रेषितांनी (स.) शोकाच्या त्या घडीतही लोकांना सुधारले. सूर्य व चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, अशी शिकवण दिली आणि लोकांना नमाज व दुआकडे वळविले. ज्या प्रेषिताने (स.) स्वतःच्या पुत्राच्या नावावरही खोटा चमत्कार खपवून घेतला नाही, त्यांच्या उम्मतने प्रत्येक बिघडलेल्या बल्बात चमत्कार पाहावा काय?

जिथे भीती जीव घेते

काही वेळा ‘घरात काही तरी आहे’ ही भावना खऱ्या धोक्याची खूण असते, पण तो धोका वेगळाच असतो. 1921 मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ डॉ. विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या घरात पावलांचे आवाज ऐकू येत, कोणी तरी पाहत असल्याचा भास होई, सर्वांचे डोके दुखे, मुले निस्तेज झाली होती. शेवटी आढळले की घर उबदार ठेवणारी भट्टी सदोष होती आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरत होता.

ही परदेशातील जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या घरांत खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर बसविलेला असतो. त्याच्या ज्वलनातून हाच वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेली मुलगी चक्कर येऊन पडते आणि न्हाणीघर ही जिन्नांची जागा म्हणून घरचे लोक ‘असर’ झाल्याचे ठरवतात. तिला मोकळ्या हवेत आणून ताबडतोब मेयो रुग्णालयात न्यायचे, की उदबत्ती लावून आमिलाची वाट पाहायची, यात जीवन-मरणाचे अंतर आहे. न्हाणीघरात जाताना दुआ अवश्य वाचावी, आणि गिझर बाहेर किंवा हवेशीर जागी बसवावा.

मनाच्या आजारांचेही तसेच. कोणाला सतत आवाज ऐकू येत असतील, स्पीकर आपल्याविषयीच बोलतो असे वाटत असेल, झोप उडाली असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. अल्लाहने आजाराबरोबर त्याचा उपचारही निर्माण केला आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शासनाच्या 14416 या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. उपचार घेणे हा तवक्कुलचाच भाग आहे.

संशयाचा पहिला बळी

या भीतीची किंमत बहुधा घरातील सर्वात दुर्बल व्यक्ती मोजते. समजा, एका घरात सहा महिन्यांपूर्वी सून आली आणि त्याच सुमारास स्मार्ट दिवेही बसले. दिवे रात्री लागू लागले. कोणी तरी म्हणाले, ‘ही आल्यापासून असे होते आहे.’ एक वाक्य पुरे होते. तिचे एकटे बसणे, तिचे रडणे, तिचा उपवास, सगळ्याचा अर्थ बदलतो. मोबाईलमध्ये दिव्यांचे अॅप असलेला आणि त्याचा पासवर्ड ठाऊक असलेला घरातलाच एखादा मुलगा दुसऱ्या खोलीतून, कदाचित दुसऱ्या शहरातून, दिवा लावू शकतो, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. थट्टेसाठी असो वा एखाद्याला छळण्यासाठी, असे करणे हराम आहे. मोमिनला भयभीत करणे हा खेळ नव्हे.

सूरह अल-हुजुरातमध्ये बातमी आली तर तिची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, नाही तर अजाणतेपणी कोणाची हानी करून पश्चात्तापाची वेळ येईल. त्याच सूरहमध्ये अति संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे. सूरह अल-अहज़ाबमध्ये मोमिन स्त्री-पुरुषांना त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल त्रास देणे हे उघड पाप ठरविले आहे. दिव्याच्या साक्षीवर सुनेला दोषी ठरविणाऱ्याने कियामतच्या दिवशी अल्लाहसमोर कोणता पुरावा ठेवायचा, याचा विचार आजच करावा.

आणि मग दार वाजते ते आमिलाचे. तो यंत्राचे चित्रण पाहतो, नाव व आईचे नाव विचारतो, कोणी ‘करणी’ केली तेही सांगतो. गैब जाणण्याचा दावा करणाऱ्याकडे जाऊन विचारणा करणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, असा कठोर इशारा सहीह मुस्लिममध्ये आहे. सूरह अल-जिन्नमध्ये सांगितले आहे की काही माणसे जिन्नांचा आश्रय घेत, त्यामुळे त्यांची अवस्था अधिकच बिघडली. आमिलाच्या धंद्याचे गणितही हेच आहे. भीती कमी झाली तर गिऱ्हाईक जाते.

आपल्या राज्याच्या कायद्यानेही याबाबत सीमा आखली आहे. डिसेंबर 2013 मध्ये नागपुरातीलच हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा नसता तरी मुस्लिमाला हे निषिद्धच होते. शैतान स्वतः कियामतच्या दिवशी म्हणेल की माझा तुमच्यावर काही जोर नव्हता, मी केवळ बोलावले आणि तुम्ही आलात, असे सूरह इब्राहीममध्ये आले आहे. ज्याचा जोर नाही त्याच्या नावाने एका निरपराध मुलीच्या पाठीवर छडी ओढायची, हा कोणता दीन?

स्पीकर वाचतो, घर गप्प

काही घरांनी या भीतीवर नवा उपाय काढला आहे. रोज मगरिबच्या वेळी स्पीकर आपोआप सूरह अल-बकरा लावतो. हेतू चांगला आहे. ज्या घरात सूरह अल-बकराचे पठण होते तेथून शैतान पळतो, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. लक्षपूर्वक ऐकण्यातही भलाई आहे. पण त्याच हदीसमध्ये आपली घरे कब्रस्तानासारखी करू नका, असे बजावले आहे. एका कोपऱ्यात स्पीकर तिलावत करीत आहे, दुसऱ्या कोपऱ्यात मालिका चालू आहे, मुले खेळात गुंग आहेत आणि घरात कोणाचीही जीभ हलत नाही, तर ते घर जिवंत म्हणायचे की कब्रस्तान? यंत्राला ईशभय नाही, त्याला पुण्य नाही, त्याच्यावर नमाज फर्ज नाही. आयतुल कुर्सी, सूरह अल-फलक व सूरह अन-नास ही मुलांच्या ओठांवर असू द्या. आईने झोपताना मुलाच्या अंगावरून हात फिरवीत वाचलेल्या दोन सूरह कोणत्याही यंत्राने भरून निघत नाहीत.

शेवटी एक गोष्ट. घरातील न दिसणाऱ्या कानाची आपल्याला भीती वाटते, पण आपण विकत आणून ठेवलेला कान मात्र विसरतो. कुरआनने हेरगिरीस मनाई केली आहे. सूरह अन-नूरमध्ये फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातील लहान मुलांनीही परवानगी घेऊनच खोलीत यावे, असा नियम आहे. ज्या धर्माने स्वतःच्या लेकरालाही परवानगी मागायला लावले, त्या धर्माच्या घरात शयनगृहात कॅमेरा व ऐकणारा स्पीकर असावा काय? जे लोक आपले बोलणे ऐकले जाऊ नये असे इच्छितात, त्यांचे बोलणे चोरून ऐकणाऱ्याच्या कानात कियामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, अशी ताकीद बुखारीत आहे. यंत्र बैठकीत ठेवा, पासवर्ड बदला, कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये ते जोडलेले आहे ते तपासा, आणि घरातील स्त्रियांना त्याची पूर्ण माहिती द्या.

तेव्हा आज रात्री दिवा आपोआप लागला तर बिस्मिल्लाह म्हणून उठा. स्विच पाहा, वायर पाहा, अॅप पाहा. कारण सापडले तर अल्लाहचे आभार माना. नाही सापडले तर ‘मला ठाऊक नाही, अल्लाहला ठाऊक आहे’ असे म्हणा, दिवा बंद करा, आयतुल कुर्सी वाचा आणि झोपा. कोणावर संशय घेऊ नका.

हे अल्लाह, आमच्या घरांना तुझ्या स्मरणाने आबाद ठेव. दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या प्रत्येक संकटापासून आमचे रक्षण कर. आमच्या अंतःकरणात तुझ्याखेरीज कोणाचीही भीती राहू देऊ नकोस, आणि आमच्या भीतीमुळे कोणत्याही निरपराध जिवावर अन्याय होऊ देऊ नकोस. आमीन.